आवाजाच्या बटणांना नावं कोणी दिली? साउंड कार्डच्या मिक्सरची गोष्ट, व्हाया रायगड

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना निसटलेलं वाचताना सापडावं म्हणून थोडं नीटनेटकं केलंय, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

आधी एक काम करा. फोनच्या कडेचं व्हॉल्यूमचं बटण दाबा. स्क्रीनवर पट्टी आली? आता तिच्याजवळच्या तीन टिंबांवर टॅप करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आणखी पट्ट्या उघडतील: मीडिया, कॉल, रिंग, अलार्म. मूळ अँड्रॉइडमध्ये मीडियाच्या पट्टीला १५ पायऱ्या असतात, रिंगच्या पट्टीला ७ आणि कॉलच्या पट्टीला फक्त ५. कंपन्या हे आकडे बदलतात, पण पट्ट्या साधारण त्याच राहतात.

मग प्रश्न असा की ह्याच पट्ट्या का? फोनच्या आत माइक दोन-तीन असतात, स्पीकर असतात, ब्लूटूथ असतं. त्यांची बटणं कुठे गेली? ह्या पट्ट्यांना नावं दिली कोणी? त्याचं उत्तर शोधायला आपल्याला कॉम्प्युटरच्या साउंड कार्डपर्यंत, म्हणजे साधारण ३५ वर्षं मागे जावं लागतं. आणि मजा म्हणजे ह्या गोष्टीतला एक फार सुंदर तुकडा आपल्याच रायगड जिल्ह्यात येऊन पोचतो.

साउंडवाल्या दादाची चिकटपट्टी

आपल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात किंवा एखाद्या हळदीच्या मांडवात कधी साउंडवाल्या दादाच्या मागे उभे राहून बघा. त्याच्यासमोर मोठा मिक्सर असतो, वरखाली सरकणाऱ्या बटणांची रांगच्या रांग. आणि त्या बटणांखाली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं: ढोलकी, कीबोर्ड, गायक १, गायक २.

त्या मिक्सरला स्वतःला ढोलकी माहीत नसते. त्याच्यासाठी तो फक्त चॅनेल ३. नाव दादाने दिलं, आजच्या कार्यक्रमापुरतं. उद्या नाटक असेल तर चिकटपट्टी काढून दुसरी लावायची.

आता कॉम्प्युटरचा विचार करा. साउंड कार्डावरही मिक्सर असतो. सीडीचा आवाज, माइकचा आवाज, गेमचा आवाज असे सगळे प्रवाह एकत्र होऊन स्पीकरकडे जातात. पण तिथे चिकटपट्टी लावायला दादा नसतो. नाव आधीच ठरवावं लागतं, आणि ते ठरवतो तुमची खोली कधीच न बघणारा माणूस. त्याला माहीत नसतं की तुम्ही त्या भोकात काय खुपसणार आहात. आजची सगळी गोष्ट ह्याच एका अडचणीची आहे.

कॅबिनेटच्या मागचं चाक

१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर बाजारात आलं. त्याच्या आवाजाचं नियंत्रण म्हणजे कार्डाच्या मागच्या पट्टीवर बसवलेलं एक छोटं चाक. आवाज कमी करायचा तर टेबलाखाली वाका, कॅबिनेटमागे हात घाला आणि अंदाजाने फिरवा.

१९९१ च्या साउंड ब्लास्टर प्रोमध्ये मिक्सरची वेगळी चिप आली आणि सॉफ्टवेअरमधून आवाज बदलता येऊ लागला. मुख्य आवाजाला फक्त ८ पायऱ्या होत्या. पुढच्याच वर्षी आलेल्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये त्या ३२ झाल्या, शिवाय बास आणि ट्रेबलही मिळाले.

छान वाटतं ना? पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विचारा. प्रत्येक कार्डाची रचना वेगळी. मुख्य आवाजाचा आकडा एका कार्डात एका जागी लिहायचा, दुसऱ्यात दुसऱ्याच जागी. इथे ८ पायऱ्या, तिथे ३२. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेल्या पीसीत कोणतं कार्ड बसलंय हे घरच्यांनाही माहीत नसायचं, मग प्रोग्रॅमला कुठून माहीत असणार?

म्हणून सगळ्या कार्डांना चालेल अशी सामायिक बटणं हवी होती. सगळ्यांसाठी एकच चिकटपट्टी, आधीच छापून ठेवलेली.

२५ नावांची यादी

१९९२ च्या सुमारास हन्नू सावोलाइनेन नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्ससाठी साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच पुढे ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस उभी राहिली. तिने मिक्सरचा प्रश्न एकदम सरळ सोडवला. एक ठरलेली यादीच करून टाकली.

त्या यादीत २५ नावं होती. व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, सिंथ, पीसीएम, स्पीकर, लाइन, माइक, सीडी असं करत करत रेडिओ आणि मॉनिटरपर्यंत. प्रत्येकाची किंमत शून्य ते १००. कार्ड कोणतंही असो, प्रोग्रॅमने म्हणायचं, ‘माइक ६० कर’. ते ६० त्या कार्डाच्या भाषेत कसं बसवायचं ही ड्रायव्हरची डोकेदुखी.

ह्याचा फायदा मोठा होता. प्रोग्रॅम एकदा लिहिला की सगळ्या कार्डांवर चालायचा. आजही एखादं जुनं छोटं मिक्सर ॲप बघितलं तर त्यात ही यादी ओळखू येते.

पण दोन ठिकाणी ती अडली.

पहिली अडचण नावांची. कार्डावर यादीत नसलेलं काही आलं तर? त्यासाठी यादीत लाइन १, लाइन २, लाइन ३ अशी बिननावाची घरं ठेवलेली. म्हणजे शाळेच्या हजेरीपटात ‘इतर’ म्हणून लावलेलं पोरगं. आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही.

दुसरी अडचण त्या शून्य ते शंभरची. आपला कान टक्क्यांत ऐकत नाही. साधारण १० डेसिबल कमी झाले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आता समजा एखाद्या चिपमध्ये दीड-दीड डेसिबलच्या ३२ पायऱ्या आहेत. म्हणजे पूर्ण आवाजापासून सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत ४६.५ डेसिबलची उतरण. ड्रायव्हरने शंभर टक्के ह्या पायऱ्यांवर सरळ वाटून टाकले, तर ५० टक्क्यांवर आवाज साधारण २३ डेसिबल खाली जातो. कानाला तो निम्मा नाही, जेमतेम एक पंचमांश वाटतो. दुसऱ्या ड्रायव्हरने वेगळा हिशोब लावला की तिथले ५० टक्के वेगळे. आकडा एकच, आवाज दोन.

वायर नसलेल्या पट्ट्या

मग इंटेलने एसी’९७ हे मानक आणलं. साल नावातच आहे. आता प्रत्येक कंपनीने वेगळी चिप-रचना करायची गरज नव्हती. मुख्य आवाज कुठे, माइक कुठे, सीडी कुठे, सगळे पत्ते कागदावर पक्के झाले. मघाशी सांगितलेल्या दीड डेसिबलच्या ३२ पायऱ्या ह्याच मानकातल्या. माइकला २० डेसिबलचा जास्तीचा धक्का द्यायचं बटणही त्यात होतं. स्वस्तातलं ऑनबोर्ड साउंड घरोघरी पोचायला ह्या मानकाचा मोठा हातभार लागला.

त्या यादीत फोन होता, कारण त्या काळी मॉडेमचा आवाज कार्डातून जायचा. व्हिडिओ होता, टीव्ही ट्यूनरसाठी. ऑक्स होता. आता मदरबोर्ड बनवणाऱ्याने ह्या सगळ्याला वायरी जोडल्याच पाहिजेत असं कुठे होतं? त्याने माइक, लाइन आणि हेडफोन जोडले, बाकीचं सोडून दिलं. पण चिपमध्ये जागा आहे म्हटल्यावर स्क्रीनवर पट्टी दिसायची. ती वर करा, खाली करा, ढिम्म काही व्हायचं नाही. कारण तिच्या मागे वायरच नव्हती.

आणखी एक गंमत. एसी’९७ ची चिप रीसेट झाली की मुख्य आवाज म्यूट असतो, मानकातच तसं आहे. अचानक कानठळ्या बसण्यापेक्षा शांतता बरी, हा विचार योग्यच. पण लिनक्स नव्याने टाकणाऱ्याला वाटायचं की साउंड चालतच नाही. खरा उपाय काय, तर मिक्सर उघडायचा, पट्टीखाली ‘एमएम’ दिसतंय ते बघायचं आणि कीबोर्डवर एम दाबायचा. एका बटणाचं काम, पण ते कुठे आहे हे माहीत नसेल तर कॉम्प्युटर मुका.

नावाचं व्याकरण

हा मिक्सर ज्या प्रणालीतला, तिचं नाव अल्सा. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला ह्यांनी १९९८ च्या सुमारास तिची सुरुवात केली, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड ह्या कार्डाच्या ड्रायव्हरपासून. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ बरोबर ती सगळ्यांकडे पोचली.

अल्साने ठरलेली यादीच मोडीत काढली. यादीऐवजी तिने नाव रचायची पद्धत ठरवली. आधी स्रोत, मग दिशा, मग काम. ‘मास्टर प्लेबॅक व्हॉल्यूम’, ‘माइक कॅप्चर स्विच’. आपल्याकडे कसं, ‘घर’ शब्द कळला आणि विभक्ती कळली की ‘घरातून’ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. तसंच हे. शेवटी व्हॉल्यूम दिसलं की प्रोग्रॅमने पट्टी काढायची, स्विच दिसलं की चालू-बंदचं बटण. नवीन कार्डावर काही अनोखं असेल तर ड्रायव्हर लिहिणारा त्याला नवं नाव देऊ शकतो, कुणाच्या यादीत जागा मागायची गरज नाही.

आता ह्याचीही किंमत होतीच. नावं भरमसाट वाढली. मिक्सर उघडला की वीस-पंचवीस पट्ट्या अंगावर यायच्या. शिवाय ही नावं ड्रायव्हरमधून येतात, त्यामुळे ती इंग्रजीच राहतात. डेस्कटॉप मराठीत केला तरी अल्साच्या मिक्सरमध्ये ‘पीसीएम’ ते ‘पीसीएम’च. बरं, त्याचा अर्थ ‘कॉम्प्युटरमधून येणारा डिजिटल आवाज’ हे इंग्रजी येणाऱ्यालाही नावावरून कळत नाही. ते नाव वापरणाऱ्यासाठी दिलेलंच नव्हतं. ते चिप बनवणाऱ्याच्या टेबलावरचं नाव होतं.

रायगडातला हिरवा लॅपटॉप

आणि आता आपण घराजवळ येतोय.

२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. एकशिक्षकी शाळा, वीसेक मुलं. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ह्या प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. त्याच्या आदल्या वर्षी केंद्राच्या शिक्षण खात्याने ह्या प्रकल्पाला नकार दिला होता, तरी एका वाडीवरच्या शाळेत तो सुरू झाला.

त्या लॅपटॉपचं नाव एक्सओ-१. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. तुमच्या हातातल्या फोनपुढे अगदीच किरकोळ. पण आवाजाची सोय नीट होती: दोन स्पीकर, एक माइक, हेडफोनचं एक भोक आणि माइकचं एक भोक. व्हॉल्यूम वर-खाली करायची दोन बटणं थेट कीबोर्डवर. आत लिनक्स, त्यात अल्सा, आणि चिप एसी’९७ मानकातली. म्हणजे आपण आत्तापर्यंत बघितलेला सगळा इतिहास त्या दप्तराएवढ्या खोक्यात होता.

पण ह्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकात एक युक्ती होती. आवाज म्हणजे विजेच्या दाबाची भराभर होणारी वरखाली. म्हणून नेहमीच्या कार्डात माइकच्या वाटेवर असा अडसर बसवतात की स्थिर किंवा हळू बदलणारा दाब आत येऊच नये. आवाजासाठी तो निरुपयोगीच असतो. पण तापमान मोजायचं असेल तर? उन्हात ठेवलेल्या सेन्सरचा दाब सेकंदाला हजारदा बदलत नाही, तो हळूहळू सरकतो. नेमका तोच नेहमीचं साउंड कार्ड फेकून देतं.

एक्सओ बनवणाऱ्यांनी तो अडसर बाजूला करायची सोय बोर्डावरच ठेवली. म्हणजे माइकच्या भोकात साधा सेन्सर लावायचा आणि ‘मेझर’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा आलेख स्क्रीनवर बघायचा. साउंड कार्ड झालं प्रयोगशाळा.

आता ह्याला बटण कसं द्यायचं? २५ नावांच्या जुन्या यादीत ह्याला घरच नव्हतं. ‘लाइन ३’मध्ये कोंबलं असतं तर कुणाला कळलं असतं? अल्सात नवं नाव देता येत होतं, म्हणून काम झालं.

आणि ते कसं केलं ते बघा, कारण इथे डिझाइन म्हणजे काय ते दिसतं. मूळ चिपची दोन बटणं आधीपासून दिसत होती: ‘हाय पास फिल्टर एनेबल’ आणि ‘व्ही रेफ आउट एनेबल’. दोन्ही नावं चिपच्या अंतर्भागाची. एक्सओच्या ड्रायव्हरमध्ये ही दोन्ही काढून टाकली आणि त्यांच्या जागी दोन नवी ठेवली: ‘डीसी मोड एनेबल’ आणि ‘माइक बायस एनेबल’. डीसी मोड चालू केला की ड्रायव्हर दोन कामं एकदम करतो, चिपमधला फिल्टर बंद आणि बोर्डावरचा अडसर बाजूला. वापरणाऱ्याला दोन वायरी माहीत असायची गरज नाही. त्याला जे हवंय, त्या कामाचं एकच बटण.

दुसरं बटण माइकला वीज देण्याचं. सुरुवातीला ते बंद असतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की चालू होतं, संपलं की पुन्हा बंद. मुलांच्या हातात जाणाऱ्या यंत्रात माइक उगाच जागा राहू नये, हा त्यातला साधा शहाणपणा.

प्रकल्पाचं पुढे काय झालं? महाराष्ट्रात तो पसरला नाही. पेरू देशात मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगाचा २०१२ चा अभ्यास सांगतो की गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. लॅपटॉप दिला की शिक्षण झालं, हा समज खोटाच होता. पण यंत्र वाईट होतं म्हणून त्याच्यातली ही कल्पना वाईट ठरत नाही. सामायिक बटणांच्या यादीबाहेरही एक दार उघडं ठेवलं, म्हणून माइकच्या भोकातून तापमान मोजता आलं.

मग पट्ट्या गेल्या कुठे?

२००४ मध्ये एसी’९७ च्या जागी इंटेलचंच एचडी ऑडिओ आलं. त्यात कोणतं भोक कशाचं आहे ही माहिती मदरबोर्ड बनवणाराच आत लिहून ठेवतो, म्हणजे वायर नसलेल्या पट्ट्या कमी झाल्या. विंडोज व्हिस्टाने प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोय दिली, आणि लोकांचं लक्ष भोकांवरून ॲपवर गेलं. माणसाला ‘लाइन इन’ कमी करायचं नसतं, त्याला ‘तो गेम’ कमी करायचा असतो.

फोनने हे टोकाला नेलं. तुमच्या अँड्रॉइडच्या पोटात आजही लिनक्स आणि त्यातलं अल्सा आहे. तिथे ढिगाने बटणं असतात. पण ती कधी कशी फिरवायची ह्याची फाइल फोन बनवणारी कंपनी लिहून ठेवते: कॉल आला तर हे चालू, हेडफोन लावला तर ते बंद. तुमच्यापर्यंत येतात फक्त त्या चार पट्ट्या. नव्वद टक्के वेळा हे बरंच आहे. कॉल उचलताना कुणाला मिक्सर उघडायचाय?

पण उरलेल्या वेळेचं काय? समजा गावी आजी जात्यावर ओवी म्हणतेय आणि तुम्ही ती फोनवर रेकॉर्ड करताय. फोनमधला आवाज स्वच्छ करणारा प्रोग्रॅम बोलणं ओळखतो आणि बाकीचं गोंगाट समजून दाबू शकतो. जात्याची घरघर त्याच्या लेखी गोंगाट. पण त्या घरघरीवरच तर ओवीची लय चालते! तिथे तुम्हाला बटण हवं असतं, आणि चार पट्ट्यांत ते नसतं.

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने त्यासाठी एक दार उघडलं. ‘अनप्रोसेस्ड’ नावाचा ऑडिओ स्रोत आला, म्हणजे माइकमधून आलं तसं, कमीत कमी फेरफार करून. फोन कंपनीने त्याला आधार दिला असेल तरच तो मिळतो, आणि ॲप बनवणाऱ्याने त्याची निवड समोर ठेवली असेल तरच तुम्हाला दिसतो. काही रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये माइकचा किंवा ऑडिओचा सोर्स निवडायची जागा असते, तिथे बघा. तापमानासाठी जसा डीसी मोड, तसं जात्यासाठी हे.

मला ह्या सगळ्यातून एवढंच दिसतं. सामायिक बटणं लागतातच, त्यांच्याशिवाय प्रत्येक यंत्र नव्याने शिकावं लागेल. पण यादी करणाऱ्याला सगळ्यांच्या घरातले आवाज कधीच माहीत नसतात. फिनलंडच्या पोराला टीव्ही ट्यूनर माहीत होता, जातं नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून वर चार पट्ट्या असाव्यात, आणि खाली उतरायला जिना असावा. तुमच्यापैकी कुणी उद्या ॲप बनवणार असाल तर जिन्याला कुलूप लावू नका. आणि बटणाला नाव देताना चिपच्या टेबलावरचं नको, ते ज्याच्या हातात जाणार आहे त्याच्या कामाचं द्या.

आजचं गृहपाठ सोपं आहे. तुमच्या रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये सोर्स निवडता येतो का ते बघा. येत असेल तर एकच आवाज दोन्ही प्रकारे रेकॉर्ड करा: मिक्सरमधली चटणी, अंगणातला पाऊस, लोकलची खडखड, काहीही चालेल. हेडफोन लावून फरक ऐका, आणि तुमच्या फोनने काय काय गाळलं ते आम्हाला कळवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!